अवजड वाहनाच्या धडकेनंतर : नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

ट्रक, कंटेनर, डंपर किंवा टँकरच्या धडकेत घरातील व्यक्ती दगावल्यावर अथवा कायमची जायबंदी झाल्यावर कुटुंबीयांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो : पोलिसांनी ट्रकचालकावर गुन्हा नोंदवला म्हणजे भरपाईचीही सोय झाली, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय न्याय संहितेखाली चालणारा फौजदारी खटला चालकाला शिक्षा देण्यासाठी असतो आणि तो सरकार चालवते. भरपाईचा दावा मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तो जखमी व्यक्तीने किंवा मृताच्या वारसांनी स्वतः दाखल करावयाचा असतो. हे न्यायाधिकरण साधारणतः जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. दोन्ही ठिकाणी पुराव्याची कसोटीही वेगळी आहे. फौजदारी न्यायालयाला चालकाचा दोष निःसंशय सिद्ध झालेला लागतो, तर न्यायाधिकरणाला चालकाच्या हयगयीमुळे अपघात झाल्याची शक्यता अधिक दिसली तरी पुरते. म्हणून चालक खटल्यातून निर्दोष सुटला, एवढ्या एका कारणाने भरपाईचा दावा बुडत नाही.

पहिल्या काही दिवसांत काय जपावे

उपचार सर्वांत आधी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात, त्यामुळे दाखल करतानाच रुग्णालय या योजनेत आहे का हे विचारून घ्यावे. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या त्रयस्थ माणसाला अधिनियमाच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे रस्त्यावरच्या लोकांना माहीत नसते आणि त्या अनभिज्ञतेपायी जखमी माणूस रस्त्याकडेला तसाच पडून राहतो.

उपचार सुरू झाल्यावर कुटुंबातील एखाद्या शांत डोक्याच्या व्यक्तीकडे कागदपत्रांची जबाबदारी सोपवावी, कारण दाव्याचा निकाल बहुतांशी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळा झालेल्या कागदांवरच लागतो :

- प्रथम खबर अहवाल म्हणजेच एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि त्यासोबतचा नकाशा. वाहनांची दिशा, रस्त्यावरील टायरच्या खुणा आणि धडकेची जागा नकाशात नीट उतरली आहे का हे पाहावे.
- रुग्णालयातील वैद्यकीय-न्यायिक नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची सर्व मूळ बिले. मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल.
- अपघातग्रस्त वाहनांची छायाचित्रे, ट्रकच्या समोरील व मागील क्रमांकपाटीसह.
- प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांची नावे व संपर्क.
- टोलनाका, पेट्रोल पंप किंवा ढाबा यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे, असा तपास अधिकाऱ्याला दिलेला लेखी अर्ज आणि त्याची पोच.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. कॅमेऱ्यांवरचे जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून हा अर्ज तोंडी विनंतीवर न सोडता पहिल्याच आठवड्यात लेखी द्यावा.

दावा कोणाकोणावर

दाव्यात साधारणतः तीन सामनेवाले असतात : चालक, नोंदणीकृत मालक आणि वाहनाचा विमा उतरवणारी कंपनी. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्ष विमा, म्हणजे त्या वाहनामुळे इतरांना होणाऱ्या हानीची जोखीम घेणारा विमा, सक्तीचा आहे आणि प्रत्यक्षात भरपाईची रक्कम बहुधा याच विम्यातून येते. मालवाहतुकीच्या धंद्यात मात्र ट्रक एकाच्या नावावर, चालवायला दुसऱ्याकडे, माल तिसऱ्याचा आणि कर्ज चौथ्याचे, असा प्रकार सर्रास आढळतो, आणि 'गाडी मी केव्हाच विकली' हे उत्तरही ठरलेले असते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात २०१८ मध्ये दिलेला निर्णय अर्जदारांच्या बाजूचा आहे : आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, मग गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेलेली असो.

ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली किंवा ओढणाऱ्या वाहनामागचा ट्रेलर यांची नोंदणी आणि विमा वेगळा असू शकतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या अपघातात हा मुद्दा हमखास निघतो, म्हणून पुढच्या वाहनाबरोबर मागच्या ट्रॉलीचा क्रमांकही टिपून ठेवावा आणि दोन्ही विमा कंपन्यांना दाव्यात सामील करावे. वाहनाची व चालकाची माहिती मिळत नसेल, तर कलम १६० नुसार नोंदणी प्राधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी यांच्याकडे ती मागण्याचा हक्क दावेदाराला आहे.

'ब्रेक निकामी झाले' हे उत्तर पुरते का

पुण्याच्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहनांनी एकामागून एक गाड्यांना चिरडल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत आणि अशा प्रत्येक घटनेनंतर ब्रेक निकामी झाल्याचे कारण पुढे येते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली किंवा इंजिन बंद केले, तर इंजिनाचा रोध मिळत नाही. इंजिन बंद असताना हवेच्या ब्रेकसाठी लागणारी दाबाखालची हवाही तयार होत नाही आणि ब्रेक वारंवार दाबल्याने साठवलेला दाब घटत जातो. असे निकामी झालेले ब्रेक दैवी आपत्तीत जमा होत नाहीत. कायद्याचीही अपेक्षा अशी आहे की, यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकानेच वाहनाची नियमित देखभाल झाली होती आणि योग्य काळजी घेऊनही कळला नसता असा तो छुपा दोष होता, हे सिद्ध करावे. नुसते म्हणणे पुरत नाही.

येथे मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल कळीचा ठरतो. अपघातानंतर निरीक्षक ट्रकचे ब्रेक, स्टीअरिंग, टायर आणि दिवे तपासून अहवाल देतो. त्याची प्रत पोलिसांकडून मिळवावी आणि तिच्या जोडीला योग्यता प्रमाणपत्र अपघाताच्या दिवशी वैध होते का, वजनकाट्याच्या पावतीप्रमाणे माल क्षमतेपेक्षा जास्त भरला होता का, हेही तपासावे. रात्री महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर दुचाकी आदळते, तेव्हा 'मागून येणाऱ्याचीच चूक' असा निष्कर्ष पंचनाम्यापूर्वीच काढला जातो. वास्तविक मागील दिवे, परावर्तक पट्ट्या आणि इशारादर्शक त्रिकोण होते की नव्हते यावर सारी जबाबदारी फिरू शकते, म्हणून त्यांची छायाचित्रे गाडी हलवण्यापूर्वीच काढून ठेवणे अगत्याचे असते.

मुदत सहा महिन्यांची

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार कलम १६६(३) खाली दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु त्या आव्हानाच्या भरवशावर मुदत उलटू देणे आपल्या हिताचे नाही. मुदत उलटून गेली असली, तरी हक्क संपला असे स्वतःच ठरवून गप्प बसू नये, विलंबाची कारणे घेऊन वकिलाला ताबडतोब भेटावे.

पोलिसांवरही कर्तव्ये आहेत. केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि हा तपशीलवार अहवालच दावा अर्ज म्हणून गणला जाऊ शकतो. गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या वेळापत्रकाच्या काटेकोर पालनाचे निर्देश दिले आहेत. तरीही तीन महिने झाल्यावर अहवाल गेला की नाही याची चौकशी करावी आणि गेला नसल्यास स्वतंत्र अर्ज तयार करावा. अर्ज अपघात जेथे झाला तेथील, दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा सामनेवाला जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात दाखल करता येतो, त्यामुळे सोलापूरजवळ अपघात झालेल्या नांदेडच्या कुटुंबाला प्रत्येक तारखेसाठी सोलापूर गाठण्याची गरज नसते.

कलम १६४ की कलम १६६ : सर्वांत महागात पडणारी चूक

कलम १६४ खाली कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली चालकाची हयगय दाखवावी लागते, परंतु रकमेला ठरावीक कमाल मर्यादा नसते. यातील मेख अशी की, कलम १४९ च्या पद्धतीने विमा कंपनीकडून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. दुःखाच्या दिवसांत हातात लगेच येणारे पाच लाख मोठे वाटतात आणि कागदावर सही होऊन जाते. ही सही करण्यापूर्वी पूर्ण भरपाई किती होऊ शकते याचा हिशोब मांडून पाहणे अत्यावश्यक आहे, आणि तो हिशोब वाटतो तितका अवघड नाही.

समजा, ३८ वर्षांचा भाजीविक्रेता ट्रकच्या धडकेत मरण पावला, त्याचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये होते आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित आहेत. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनुसार गणित असे होते :

- स्वयंरोजगार आणि वय ४० पेक्षा कमी, म्हणून भविष्यातील उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के जमा : महिना २८,००० रुपये, वर्षाला ३,३६,००० रुपये.
- मृताचा स्वतःवरील खर्च, चार ते सहा अवलंबित असल्यास एक चतुर्थांश, वजा : उरतात २,५२,००० रुपये.
- वय ३६ ते ४० साठी गुणक १५ : एकूण ३७,८०,००० रुपये.

या रकमेत संपदाहानी व अंत्यविधी यांसाठी प्रत्येकी १५,००० आणि सहवास हरपल्याबद्दल ४०,००० रुपये या मूळ रकमा, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरून, मिळवल्या जातात. सहवासाची रक्कम पत्नीप्रमाणे मुलांना व आईवडिलांनाही मिळू शकते. पाच लाख आणि जवळपास अडतीस लाख यांतले अंतर एका सहीने कायमचे गमावले जाते, ही गोष्ट प्रत्येक गावच्या सरपंचापासून रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकापर्यंत सर्वांना ठाऊक असायला हवी. चूक पूर्णतः मृताचीच असल्याचे पुराव्यावरून स्पष्ट दिसत असेल, तेव्हा मात्र कलम १६४ हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

गुणक वयानुसार उतरत जातो : १५ ते २५ वर्षांसाठी १८, २६ ते ३० साठी १७, ३१ ते ३५ साठी १६, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९, ६१ ते ६५ साठी ७ आणि त्यापुढे ५. वयाचा दाखला म्हणून आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला अधिक भरवशाचा. उत्पन्नासाठी प्राप्तिकर विवरणपत्र किंवा पगारपत्रक नसेल, तर बँक पासबुक, आडतीच्या पट्ट्या, सातबारा उतारा, मालकाची साक्ष असे जे हाती असेल ते द्यावे. काहीच नसले तरी न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आधारे उत्पन्न ठरवू शकते. गृहिणीच्या घरकामालाही आर्थिक मूल्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे, म्हणून 'ती कमावत नव्हती' असे वाक्य अर्जात लिहू नये. मृताच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा होत नाही, हे हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या प्रकरणात १९९८ मध्येच ठरले. मेडिक्लेमची रक्कमही वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला.

जखमीच्या दाव्यात अपंगत्व प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निर्णयाने स्पष्ट केले. उजव्या हाताची बोटे गमावलेल्या शिंप्याचे अपंगत्व कागदावर तीस-पस्तीस टक्के दिसले, तरी त्याचा धंदा जवळजवळ पूर्णच बुडालेला असतो. डॉक्टरांची आणि त्या धंद्यातील माणसाची साक्ष घेऊन हा फरक न्यायाधिकरणापुढे मांडावा लागतो. पुढील शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव, सेवकाचा खर्च, वेदना व यातना, रुग्णालयाच्या खेपांचा प्रवासखर्च यांची स्वतंत्र मागणी करावी. मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक न्याय्य भरपाईही न्यायाधिकरण देऊ शकते.

विमा कंपनीचे नेहमीचे आक्षेप

- चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. त्याहून जड ट्रकला वेगळा परवाना लागतो. तो नसला तरी अनेक प्रकरणांत कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. परमिट नसल्याच्या आक्षेपावरही असाच आदेश मागता येतो.
- मृत व्यक्ती ट्रकमधूनच प्रवास करत होती. हा आक्षेप गंभीर आहे. मालवाहू वाहनात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत असेल तर विम्याचे संरक्षण मिळते, परंतु लग्नाचे वऱ्हाड किंवा वाटेत बसवून घेतलेले प्रवासी यांच्याबाबत विमा कंपनीवर कायदेशीर जबाबदारी नसते, असे आशा राणी (२००३) निर्णयाने ठरले आहे. मालक आणि चालक तरीही जबाबदार राहतात.
- मृताचीही चूक होती. अंशदायी हयगय, म्हणजे अपघाताला स्वतः मृताचाही हातभार, सिद्ध झाल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी होते. केवळ दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्याने ती सिद्ध होत नाही. त्यामुळेच अपघात घडला हे कंपनीने दाखवावे लागते. चूक दोन वाहनांच्या चालकांची आणि बळी तिसऱ्याचा असेल, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो.

ट्रकचा चालक किंवा क्लीनर स्वतः नोकरीवर असताना मरण पावला, तर त्याच्या कुटुंबाला कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खालीही दावा करता येतो. मात्र दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही तर

अशा प्रकरणांत २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज अपघाताच्या क्षेत्रातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. पुढे ट्रक सापडून नेहमीची भरपाई मिळाल्यास ही रक्कम त्यातून परत करावी लागते.

तडजोड, लोकअदालत आणि वकील

गाडीमालकाचा माणूस रुग्णालयात येऊन स्टँप पेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून मागतो, तेव्हा सही करू नये. उपचारासाठी पैसे घेतलेच, तर ते कशासाठी आणि कोणी दिले याची नोंद ठेवावी. कलम १४९ खाली विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने केलेला प्रस्ताव नाकारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि नाकारल्यावर दावा गुणवत्तेवर चालतो. लोकअदालतीत निकाल लवकर लागतो, परंतु तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून वरीलप्रमाणे स्वतःचा हिशोब हातात असल्याशिवाय तेथे आकडा मान्य करू नये.

भरपाईतील टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक आचारनियमांत निषिद्ध आहे. रुग्णालयाच्या दारात वकीलपत्रावर सह्या घेणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पतीच्या मृत्यूनंतर दावा करणारी पत्नी या सवलतीत सरळ बसते, तरीही फार थोड्या जणी तेथपर्यंत पोहोचतात.

निकालानंतर

निवाड्याची रक्कम ३० दिवसांत जमा करावयाची असते आणि तिच्यावर साधारणतः अर्जाच्या तारखेपासून सरळ व्याज मिळते. ती भरली गेली नाही, तर न्यायाधिकरणाकडून दाखला घेऊन जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. रक्कम अपुरी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावे. वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील होत नाही. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत ठेवला जातो, आणि इतर वारसांच्या रकमेचा काही भागही न्यायाधिकरण ठेवीत ठेवण्यास सांगू शकते. मुलांचे शिक्षण, आजारपण किंवा घराची निकड असेल, तर ठेव मुदतीपूर्वी मोडण्याची परवानगी मागणारा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करता येतो; त्यासोबत शाळेची फी-पावती, रुग्णालयाचे अंदाजपत्रक किंवा तत्सम कागद जोडावा.